रायपूरचा चंद्रोदय

लेकी बोले सुने लागे, अशी आपल्याकडे म्हण आहे. अनुश्रीने त्या संध्याकाळी ती आपल्या सोयीने वळवून घेतली. बोलत होती लेकीशी आणि ऐकवत होती आईला.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या माहेरच्या स्वयंपाकघरात ती फरशीवर बसली होती. समोर तिची नऊ वर्षांची रेणू. रेणूच्या हातात एक मोसंबी, देठ वर करून धरलेली, आणि मोसंबीत शेजारी शेजारी टोचलेल्या दोन लवंगा.

"ही डावीकडची मुंबई," अनुश्री म्हणाली, "आणि ही उजवीकडची आपलं रायपूर. मोसंबी म्हणजे पृथ्वी. आता हा बघ चंद्र."

पिठाच्या डब्यावर तिने बॅटरी आडवी ठेवली, रेणूच्या उजव्या हाताला, आणि स्वयंपाकघरातला दिवा घालवला.

"फिरव आता. डावीकडून उजवीकडे. पृथ्वी नेहमी पूर्वेकडेच वळते, उलटी कधी नाही. हळू फिरव. कोणाला आधी उजेड लागला?"

रेणूला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच निघायची. शाळेत, शेजारी, सगळीकडे तेच. "रायपुर को," ती म्हणाली. "मुंबई तो अभी अँधेरे में है."

"म्हणजे चंद्र आधी कुठे निघणार?"

"अपने यहाँ."

"मुंबईच्या किती आधी, माहीत आहे? अर्धा तास. त्याच्याहून थोडं जास्तच." हे वाक्य अनुश्रीने मधल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून म्हटलं. तिथे खाटेवर, भिंतीकडे वळून, तिची आई पडली होती.

रेणू आता रंगात आली होती. "और चाँद? वो बैटरी की तरह एक ही जगह रहता है?"

"नाही गं. तोही चालतो, पृथ्वीच्या भोवती, ती फिरते त्याच दिशेने. पण सावकाश. पृथ्वी एका दिवसात एक गिरकी घेते, त्याला एक फेरी घालायला महिना लागतो. आपण गिरकी घेऊन कालच्या जागी येतो तोवर तो थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला आपल्याला आणखी थोडं वळावं लागतं. म्हणून तो रोज कालच्यापेक्षा उशिरा निघतो."

"इसीलिए आजी को चतुर्थी पे इतना रुकना पड़ता है?"

"म्हणूनच. पौर्णिमेला सूर्य बुडतो न बुडतो तोच येतो. चतुर्थीला वाट पाहायला लावतो."

आतून आवाज आला. कोरडा, बेताचा.

"वाट पाहायची असते तं पाहू द्यावं माणसाले. मधातच येऊन सांगू नये, निघाला म्हणून."

रेणूने मोसंबी खाली ठेवली. अनुश्रीने दिवा लावला. त्या दिवसाचा धडा तिथेच संपला.

श्यामराव खानझोडे रेल्वेत गार्ड होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीपायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. गेल्या महिन्यात, कार्तिकात, त्यांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना गावाबाहेरच्या एका नव्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, येणारी संकष्टी निर्जळी करीन असं गणपतीला कबूल केलं. साखरेच्या दुखण्याचं माणूस, पाण्याचा थेंबही नाही. पण कोण अडवणार? दिवसभर त्या अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराशी बाकावर बसून राहिल्या. जागा सोडली तर आत काही होईल, अशा भीतीने.

बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं आणि रायपूरचं आभाळ दोन दिवस भरलेलं होतं. अंधार पडल्यावर आईचे हात थरथरायला लागले, ओठांचा रंग गेला, तेव्हा अनुश्री खाली धावली. पार्किंगच्या पलीकडे रिकामी शेतं होती. ती उभी राहिली, वाट पाहिली, आणि ढगांना एक फट पडली. फटीत चंद्र होता, पिवळा, वरच्या बाजूने खरवडल्यासारखा. दोन श्वास घेईपर्यंत दिसला आणि झाकला गेला. ती जिन्याने धावतच वर आली. "आई, निघाला. खा आता." आईने कागदाच्या पुडीतला पेढा खाल्ला, पाणी प्याली, पोळीचे दोन घास घेतले. तेवढ्यात साडेआठची भेटीची घंटा झाली आणि त्यांना आत सोडलं. श्यामरावांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी ते गेले.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मग सत्यभामाबाईंची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. दर दिवाळीत नागपूरहून आणलेलं, मुंबईत छापलेलं मराठी कॅलेंडर. त्यात संकष्टीच्या चौकटीत लिहिलं होतं: चंद्रोदय रात्री पावणेनऊ.

घंटा साडेआठची. घास त्याच्याही आधीचा.

त्या संध्याकाळी त्यांनी ताट परत केलं. "मले नको," म्हणाल्या. "चंद्र निघाच्या आधी जेवली मी. व्रत मोडलं माह्या हातानं, अन् तिकडे ते गेले."

"आई, मी पाहिला होता. माझ्या डोळ्यांनी."

"तुले दया आली होती. समजते मले. पण दया खाऊन तू माह्या कुंकवाले खोटं बोलली."

त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर त्या काही खात नव्हत्या. त्या दिवशी घाई केली, आता रोज थांबते, एवढंच सांगत. साखरेच्या गोळ्या मात्र वेळेवर घेत, कारण त्या श्यामरावांनी लावून दिलेल्या होत्या. एका पहाटे न्हाणीघरात कोसळल्या. बूढापाऱ्यातल्या डॉक्टरांनी अनुश्रीला बाहेर बोलावून सांगितलं, "दीदी, दवा लेंगी और खाएँगी नहीं, तो शुगर किसी रात इतनी गिरेगी कि सुबह उठेंगी नहीं. गोली बंद करूँ तो शुगर चढ़ेगी. मेरे हाथ में कुछ नहीं. इनको खिलाइए."

खिलाइए. जणू अनुश्री दुसरं काही करत होती. तिने समजावलं, रडली, एकदा ओरडलीसुद्धा. स्वतःच्या बापासाठी रडायला तिला अजून फुरसत झाली नव्हती. आईला जगवायचं तर एकच गोष्ट आईच्या मनात उतरवायची होती: त्या दिवशी चंद्र खरंच निघाला होता. तिने घरातली जुनी पुस्तकं काढली, वाचलं, आणि तिच्या ध्यानात आलं की कॅलेंडरातली वेळ मुंबईची आहे. हे कळल्यावर तिला वाटलं होतं, झालं, सुटलं.

मोसंबीच्या धड्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लेकीला मध्ये न घालता सरळच विषय काढला. आई तांदूळ निवडत होती.

"आई, ते कॅलेंडर मुंबईचं आहे. तिथे चंद्र उशिरा निघतो. आपण त्यांच्या पूर्वेला आहोत."

"तुह्या बाबांनी जन्म गाडीवर काढला," आई म्हणाली. नजर सुपातच. "मुंबईहून मेल निघो की हावड्याहून, घड्याळ एकच. सांगत नव्हते काय ते? सगळ्या स्टेशनाईवर एकच टाइम. मग तुहा चंद्र काहून येगळ्या टाइमावर निघते?"

"घड्याळ एकच आहे म्हणूनच तर! घड्याळ माणसांनी एक केलं, आई. पृथ्वीला काय त्याचं? ती फिरायची तशीच फिरते. मुंबईत पावणेसहाला अजून ऊन असतं, इथे तेव्हा दिवे लागतात. पुण्याची मावशी फोनवर म्हणत नाही का, तुमच्याकडे इतक्यात रात्र झाली म्हणून?"

आईने एक खडा उचलून बाजूला टाकला. मग वर पाहिलं. डोळे थकलेले, पण त्यात वकिलाची धार होती.

"बावीस वर्षं झाली हे घर बांधून. दर चतुर्थीले मी गच्चीवर जाते. कॅलेंडरात जे टाइम असते, त्याच टाइमाले चंद्र येते त्या शेटच्या बिल्डिंगीवर. पाच मिनिटं इकडे नाही, तिकडे नाही. तुहं पुस्तक खरं, तं माहे डोळे खोटे काय?"

ते अनुश्रीलाही आठवत होतं. लहानपणी बाबा घड्याळ बघून म्हणायचे, चला रे, आणि सगळे गच्चीवर गेले की खरंच थोड्या वेळात चंद्र वर यायचा. कॅलेंडर कधी चुकलं नव्हतं. मग पुस्तक चुकलं? की मोसंबीच्या खेळात काही सुटलं?

आणि मग तो विचार आला, जो तिने इतके दिवस दाराबाहेर ठेवला होता. पार्किंगच्या पलीकडे तिने नक्की काय पाहिलं होतं? ढगाळ रात्र, पिवळा उजेड, दोन श्वासांपुरता. रस्त्यावरचा दिवा असेल. लांबच्या कुठल्या टॉवरचा असेल. आई थरथरत होती आणि तिला चंद्र हवा होता. हवं ते माणसाला दिसतं. तिने आठवून पाहिलं, पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, आणि जितकं आठवलं तितका तो चंद्र पुसट होत गेला. संध्याकाळी आईने ताट परत केलं तेव्हा अनुश्रीने आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होती?

सकाळी थंडी होती. रेणू गच्चीवर उन्हाची वाट पाहत शाल गुंडाळून बसली होती आणि कुरकुरत होती.

"मम्मी, आजी के घर में सुबह इतनी लेट क्यों होती है? अपने यहाँ तो उठते ही धूप आ जाती है."

अपने यहाँ म्हणजे नव्या रायपुरात. अनुश्रीचा नवरा निरंजन इथल्या राज्याच्या मंत्रालयात नोकरीला होता. मंत्रालय नव्या राजधानीत गेलं आणि पाठोपाठ हेही तिकडच्या सरकारी फ्लॅटमध्ये गेले. रुंद रस्ते, मोठमोठे चौक आणि माणूस नाही. सत्यभामाबाई त्याला रान म्हणायच्या.

"लेट नाही होत, सूर्य सगळीकडे..." असं म्हणता म्हणता अनुश्री थांबली.

गच्चीच्या पूर्वेला, पाच-सहा घरांपलीकडे, कापडाच्या व्यापाऱ्यांच्या चार मजली इमारती ओळीने उभ्या होत्या. त्यांची सावली या गच्चीवर पडली होती. पण मागच्या गल्लीतल्या मंदिराचा कळस उन्हात होता. मोबाइलच्या टॉवरचा वरचा अर्धा भाग उन्हात होता. सूर्य केव्हाचा उगवला होता. फक्त या घराला अजून दिसला नव्हता.

"सूरज तो निकल चुका है," रेणू म्हणाली, "बिल्डिंग के पीछे खड़ा है."

चंद्रही तिथेच उभा राहत असणार. बावीस वर्षं. रायपुरात तो अर्धा तास आधी उगवायचा, आणि त्या इमारतींच्या डोक्यावर चढायला त्याला बरोबर तेवढाच वेळ लागायचा. आई त्या इमारतींच्या वर त्याला पाहायची तेव्हा तिकडे मुंबईत तो नुकता निघत असायचा. कॅलेंडर इथे कधी खरं नव्हतंच. शेटच्या बिल्डिंगीने ते खरं करून दाखवलं होतं.

अनुश्री जिना उतरून धावली. आईला सगळं सांगितलं, हात धरून गच्चीवर आणलं, कळस दाखवला. आईने कळस पाहिला, टॉवर पाहिला, आणि हात सोडवून घेतला.

"काल घड्याळ आणलं मधात, आज बिल्डिंग आणली. उद्या काय आणशील?"

"आई, एकदा मोकळ्या जागी येऊन बघ. एकदाच."

"मी कुठी येत नाही."

त्या सकाळी अनुश्रीने निरंजनला फोन केला. आपल्याकडे घरातलं माणूस गेल्यावर दुखवटा काढायची रीत आहे. जवळच्या नात्यातल्यांनी दुःखातल्या माणसाला आपल्या घरी न्यायचं, एक वेळ जेवू घालायचं, म्हणजे ते माणूस पुन्हा चारचौघांत आलं. लेकीला नाही म्हणता येतं. जावई दारात येऊन उभा राहिला की नाही म्हणता येत नाही.

मार्गशीर्षातल्या संकष्टीला निरंजन दुपारीच गाडी घेऊन आला.

"आई, दुखवटा काढायला आलोय. आज आमच्याकडे जेवायचं."

"आज चतुर्थी हाय, जावईबापू."

"मग चंद्र पाहूनच जेवा. मी कुठे आधी वाढतो म्हणालो?"

सत्यभामाबाईंनी लेकीकडे एक नजर टाकली. सगळं समजल्याची नजर होती ती. पण उठल्या. पांढरी शाल घेतली. गाडीत बसताना म्हणाल्या, "तुले एवढंच पाहिजे ना? चाल."

नव्या रायपुरातल्या फ्लॅटवर पोहोचताच त्या आधी स्वयंपाकघरात गेल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर स्वतः पाहून आल्या. तेच कॅलेंडर, तेच मुंबईचं. चंद्रोदय साडेआठ. मग खुर्चीवर बसून राहिल्या. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं. दुपारची गोळी मात्र घेतली होती. संध्याकाळ होता होता त्यांच्या कपाळावर घाम आला. अनुश्री कणीक मळत होती, मोदक वळत होती, आणि दर थोड्या वेळाने बाहेर येऊन आईचा चेहरा पाहत होती. आज आभाळ भरून आलं तर? ती आता देवाकडे काही मागत नव्हती. पृथ्वीकडे मागत होती. फिर बाई, नेहमीसारखी फिर, एवढंच.

"आई, साखरेचा एक खडा तरी तोंडात..."

"नाही."

साडेसात वाजून गेल्यावर सगळे वरच्या गच्चीवर गेले. निरंजनने सासूबाईंना धरून लिफ्टमधून नेलं, खुर्ची मांडली. खाली रस्त्यांवर दिव्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि त्यांच्याखाली एकही गाडी नव्हती. रांगा संपल्या की काळोख, आणि काळोखाच्या टोकाला जमीन आणि आभाळ सरळ रेघेत भेटलेले. मध्ये झाड नाही, घर नाही.

रेणू आपल्या बापाला चिकटून उभी होती. अनुश्रीने कठडा धरला होता आणि तिची बोटं गार पडली होती. जर आला नाही तर? साडेआठपर्यंत आला नाही तर आईचं खरं, कॅलेंडर खरं, आणि पार्किंगच्या पलीकडे एक दिवा होता. मग ती आईला काय खाऊ घालणार होती, आणि कोणत्या हाताने?

"वो देखो!" रेणू ओरडली.

रेघेवर, उगवतीच्या थोडं डावीकडे, तांबूस डाग पडला होता. विस्तवासारखा. तो वाढला, वर आला, रेघेपासून सुटला. वरच्या बाजूने खरवडल्यासारखा चतुर्थीचा चंद्र.

सत्यभामाबाई खुर्चीवरून उठल्या. एकट्याच, कोणाचा हात न धरता.

"जावईबापू, किती वाजले?"

निरंजनने मोबाइल पाहिला. "आठ वाजायचे आहेत अजून."

त्यांनी स्वतः मोबाइल हातात घेऊन पाहिला. परत दिला. मग चंद्राकडे वळल्या. चंद्राचा तांबूसपणा ओसरून तो पिवळा झाला.

"म्हणजे त्या दिवशी निघाला होता," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"तू पाहिला होता."

"हो." अनुश्रीने कठडा सोडला. पंधरा दिवस ती या एका वाक्यासाठी झुरली होती.

"म्हणजे माही चतुर्थी मोडली नव्हती. पुरी झाली होती."

"पूर्ण झाली होती, आई. तुझं काहीसुद्धा चुकलं नव्हतं."

सत्यभामाबाई वळल्या. चंद्राच्या उजेडात त्यांचा चेहरा अनुश्रीला दिसला. तो सुटका झालेल्या माणसाचा चेहरा नव्हता.

"मग ते काहून गेले?"

निरंजनने मोबाइल खिशात घातला.

"मी थेंबभर पाणी नाही घेतलं. जे कबूल केलं ते सगळं केलं. चंद्र निघाल्यावर घास घेतला. सगळं बराबर झालं ना? मग काहून गेले? सांग ना. तू तं येवढं वाचते. चंद्र कवा निघते, काहून निघते, सगळं तुले येते. हे सांग."

"आई..."

"माह्या हातून गेले, असं तं होतं. मी चुकली, म्हणून गेले. आता कोणाच्या हातून गेले?" त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली. "काहीच नाही राहिलं आता माह्यापाशी."

पंधरा दिवस अनुश्री आईच्या पाठीवरचं ओझं काढायला धडपडत होती. ते ओझं नव्हतं, आधार होता, हे तिला त्या गच्चीवर कळलं. आणि तो तिने दोन्ही हातांनी काढून घेतला होता, लवंगा टोचून, कळस दाखवून, अगदी बिनचूक. आईने विचारलेल्या गोष्टीचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिलाही तेच विचारायचं होतं, आणि विचारायला आईशिवाय कोणी नव्हतं.

"चाल खाली," सत्यभामाबाई म्हणाल्या. "वाढ मले."

चंद्राला त्यांनी अर्घ्य दिलं नाही, हातही जोडले नाहीत. रेणूने आठवण केली, "आजी, पूजा?" तर तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला.

खाली त्या पाटावर बसल्या. अनुश्रीने गणपतीपुढे नैवेद्याचं पान मांडून ठेवलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. आपलं ताट पुढे ओढलं, वरणभात कालवला आणि जेवायला लागल्या. एकामागून एक घास, खाली मान घालून, दिवसभर राबून आलेल्या बाईसारख्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या दिवेलागणीनंतर जेवत होत्या. अनुश्री वरणाची पळी हातात धरून उभी राहिली. हेच तर हवं होतं तिला. यासाठीच तर सगळं केलं.

"तू काहून उभी हाय?" आई मान वर न करता म्हणाली. "ताट घे. तू बी सकाळपासून उपाशीच हाय."

अनुश्री शेजारी बसली. पहिला घास तोंडात घातला तेव्हा तिला कळलं, वरणात मीठच पडलेलं नाही. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आई तेच वरण जेवत होती, पुन्हा भात घेत होती. मिठाची वाटी हाताशी होती.

दोघी तसंच जेवल्या.